फ्लॉपीच्या तोंडात सोनं

आमच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "ताई, मिस्त्री कुठंयत?"

माझ्या हातात तापलेली सोल्डरिंग, समोर आतडी बाहेर काढलेला टेप, डोळ्याला भिंग, आणि हा बाबा मला विचारतोय मिस्त्री कुठंयत. डोक्यात असली तिडीक जायची! पण बोलायची सोय नव्हती, कारण मिस्त्री माझ्या पुढ्यातच स्टुलावर बसलेले असायचे.

मुरबाडच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला तिसरं दुकान आमचं. रेडिओ, टेप, मिक्सर, इस्त्री, पंखा, जे बिघडंल ते आमी दुरुस्त करतो. माझ्या बाबांनी, यमाजी मिस्त्रींनी, ते तीस वर्षं चालवलं. मग त्यांना काचबिंदू झाला आणि नजर गेली. तेव्हापासून सात वर्षं हात माझे आणि नाव बाबांचं. गिऱ्हाईक बाबांच्या हातात टेप द्यायचं. बाबा तो कानाशी धरून हलवायचे, गंभीर तोंडानं "हं" करायचे आणि काउंटरखालून मला सरकवायचे. दोन दिवसांनी तेच गिऱ्हाईक येऊन बोलायचं, काय हात हाय मिस्त्री तुमचा! मी मागं बसून दातओठ खायची.

दोन हजार दोन सालच्या दसऱ्यानंतर बाबांनी नवीनच काढलं. बोलले, दिवाळीपासून पुढं सुरज बसंल. किल्ली त्याच्याकडं. तू मागं बसून काम करत जा, बाईमाणसाच्या हातात लोक वस्तू देत नाय, आणि उद्या लग्न होऊन गेलीस तर दुकान कोण बघणार? सुरज म्हणजे माझा चुलतभाऊ. कल्याणला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला, पायात पांढरेशुभ्र बूट. मुरबाडच्या रस्त्यावर पांढरे बूट घालणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल मी काय बोलू? तीन दिवस मी बाबांशी बोलले नाय. चहा वेळेवर द्यायची, कारण भांडण वेगळं आणि चहा वेगळा.

चौथ्या दिवशी धसईच्या एसटीतून जैतू गुरुजी उतरले. धसईच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला ठाकरवाडी हाय, तिथले हे रिटायर झालेले शाळामास्तर. डोक्यावर तांदळाचं पोतं, आणि मागं त्यांची आई, सकुबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, पण चाल अशी की गुरुजीच मागं पडतील. गुरुजींनी पोतं काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "ताई, मिस्त्री कुठंयत?"

घ्या!

सकुबाईनं मला खालून वर न्याहाळलं. "तू कोण गो? मिस्त्रीण?"

मी बोलले, मिस्त्रीण म्हणजे मिस्त्र्याची बायको, आजी. मी लेक हाय. पाटलाची बायको पाटलीण, मास्तराची बायको मास्तरीण, तशी ती मिस्त्रीण. मी जे करते त्याला शब्दच नाय कोणाकडं. म्हातारी "हं" बोलली, अगदी बाबांसारखी.

पोत्यातून निघाला एक जुना कॉम्प्युटर. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि पडद्याच्या जागी घरचा टीव्ही जोडायचा. कल्याणच्या एका शाळेनं भंगारात काढला तेव्हा गुरुजींनी उचलून आणलेला. सोबत एक चपटा डबा, समोर आडवी फट. ती फट म्हणजे फ्लॉपीचं तोंड. फ्लॉपी पापडाएवढी, चौकोनी, काळी, वाकवली तर वाकणारी. टाइप केलेलं तिच्यात साठतं, आणि हा डबा, त्याला ड्राइव्ह बोलतात, तो ते लिहितो आणि वाचतो.

गुरुजींनी आठ वर्षं बसून त्या फ्लॉपीत आईचे शब्द भरले होते. त्यांच्या वाडीची घरची बोली. शेताची, जंगलाची, भांड्याकुंड्यांची, पाखरांची नावं, रागावण्याचे शब्द, लाडाचे शब्द. एकूण तीन हजार आठशे बारा. मशीनला मराठी येत नव्हती म्हणून इंग्रजी अक्षरात लिहिलेले. नुसत्या खेकड्यांचं एक पान होतं. वाडीतली पोरं आता शाळेत जाऊन पुस्तकाचं मराठी बोलायला लागली होती, त्यामुळं हे शब्द पुरते ठाऊक असलेलं माणूस एकच उरलेलं, ते म्हणजे ही म्हातारी. दसरा झाला आणि ड्राइव्ह वाचायचा बंद पडला.

मी विचारलं, आजी समोर हायेत, परत विचारून लिहा की. गुरुजी केविलवाणे झाले. बोलले, विचारलं, चाळीसेक शब्द सांगून झाले आणि आमचं भांडण झालं.

सकुबाई बोलली, "एकदा दिलेला शब्द मी दुसऱ्यांदा देत नाय."

सुरज पुढं आला. त्यानं डबा उलटासुलटा केला, फटीत फुंकर मारली आणि निकाल दिला. आउटडेटेड हाय सर, याचे पार्ट आता कुठं मिळत नाय, नवीन घ्या, तुमाला चांगला बसवून देतो. गुरुजी बोलले, आणि यातले शब्द? सुरज बोलला, ते गेले समजा. कोणाच्या घरी मयत झाल्यावर बोलतात तसा आवाज काढलान मेल्यानं.

गुरुजी पोतं गुंडाळायला लागले. मला राहवलं नाय. मी बोलले, ठेवा गुरुजी, मी बघते. खरं सांगते, असला डबा मी जन्मात उघडला नव्हता. पण सुरजनं नाय बोलल्यावर माझ्या तोंडून हो निघालं, तो माझा स्वभावच हाय.

बाबा स्टुलावरून बोलले, "बोललीस तर बोललीस. हा डबा चालू झाला तर किल्ली तुझी, बोर्डावर नाव तुझं. नाय झाला तर दिवाळीला पुढं सुरज, आणि मग तोंड फुगवायचं नाय."

मी तिथंच चार स्क्रू काढले. झाकण उचललं. आत यंत्राच्या मधोमध एक वाळलेलं पान. दोन पाळ्यांचं.

आपट्याचं पान!

मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी आईकडं बघितलं. म्हातारीनं छताच्या पंख्याकडं बघितलं.

मग बोलली, "मंग? दसऱ्याला कोयत्याला सोनं देता, नांगराला देता, विळीलासुदा देता. माझं सगलं बोलणं ज्याच्या पोटात हाय त्याला द्यायचं नाय? तोंड उघडंच होतं त्याचं."

मी शांतपणे विचारलं, आजी, आणखी काय काय दिलंत? मग एकेक बाहेर पडलं. अक्षता वाहिल्या. त्या मला दिसतच होत्या, चाकाखाली पाच दाणे. हळदकुंकू लावलं. कुठं लावलं? तर फ्लॉपीला मधे एक लांबट खिडकी असते, आतली चकती तेवढीच उघडी दिसते. म्हातारी बोलली, तिथं कपाळ हाय तिचं, तिथं लावलं. त्यानंतर फ्लॉपी होती तशी कागदी पाकिटात घालून ठेवली. गुरुजींनी एक जादा नक्कल ठेवली होती, शहाणा माणूस. पण आजीनं तिलाही लावलं होतं. एकीला लावून दुसरीला नाय लावलं तर रुसंल ना ती.

गुरुजी पोत्यावर बसले. त्यांना कुंकवाचा पत्ताच नव्हता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली घातली, ती चालली नाय म्हणून दुसरी घातली. म्हणजे दोघींचं कुंकू ड्राइव्हनं आपल्या हातानं फासून घेतलं होतं.

माझं नाव आरती. पूजेवर रागावणं मला शोभत नाय. पण त्या दिवशी मी रागावले, आणि म्हातारीला फडाफडा बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच बोलली, "तर मीच मारले काय माझे शब्द?"

मग मला माझ्या जिभेची लाज वाटली. आजीला चहा दिला, गुरुजींना बोलले, रविवारी या.

मंगळवारी दुपारी कामाला बसले. टेपला जसं कॅसेटवर टेकणारं हेड असतं तसंच इथंही हेड होतं, फक्त लालभडक. कापूस, स्पिरिट, परत कापूस. चौथ्या बोळ्याला तो पांढरा निघाला. मग खालची बाजू बघितली आणि मला हसूच आलं. मोटरवरून चाकावर रबराचा पट्टा! अगदी टेपला असतो तस्साच, आणि टेपसारखाच सैल पडलेला. कल्याणचा कोर्स केलेल्यांना हा पार्ट कुठं मिळत नव्हता. मला माझ्या खोक्यात मिळाला, एका मेलेल्या टू-इन-वनचा.

पट्टा बदलला की चाकाची चाल बदलते. ती बरोबर कशी करायची तेही डब्यातच लिहिलेलं होतं. चाकावर गोल ठिपके. असलेच ठिपके बाबांनी मला रेकॉर्ड प्लेअरवर दाखवले होते, मी फ्रॉकमध्ये असताना. ट्यूबलाईट आपल्याला सलग दिसते, पण खरं तर ती झपाझप उघडमीट करत असते. तिच्या उजेडात चाक फिरवायचं आणि बारका स्क्रू फिरवत राहायचं. चाल बरोबर झाली की ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसतात. मी स्क्रू फिरवला, ठिपके थांबले. त्या दुपारी लाईट गेलेली होती, म्हणून सगळी बाजारपेठ भाड्यानं लाईट देणाऱ्या कमळूच्या जनरेटरवर चालली होती. कमळूचा जनरेटर म्हणजे कमळूसारखाच, सदानकदा घाईत. त्याच्यावर आमचा पंखा असा फिरायचा की बाबा टोपी हातानं धरून बसायचे. पण ट्यूब लख्ख पेटली होती, तेवढं माझ्या कामाला पुरे होतं.

राहिल्या फ्लॉप्या. त्या मी ब्लेडनं कडेनं कापल्या, आतल्या पातळ चकत्या बाहेर काढल्या आणि शाम्पूच्या पुडीच्या फेसात हलक्या हातानं धुतल्या. नंतर गॅरेजातून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, त्याचा डाग राहात नाय, त्यात खळखळून काढल्या. मधल्या भोकातून दोरा ओवला आणि खिळ्याला टांगल्या. नेमके त्याच वेळी गुरुजी बाजाराला आलेले, ते डोकावले. विचारलं, हे काय? मी बोलले, तुमचे शब्द हायेत, वाळतायत. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसेच निघून गेले.

वाळल्यावर चकत्या कॉम्प्युटरसोबत पोत्यात आलेल्या, शाळेच्या जुन्या कोऱ्या फ्लॉप्यांच्या खोळीत घातल्या. नवं लुगडं नेसवावं तशा.

रविवार उजाडला. गुरुजी आले, सकुबाई आली. सुरज आला, बूट पुसून. बाबा स्टुलावर. मी आमच्याकडं दुरुस्तीला आलेला एक टीव्ही जोडला, फ्लॉपी फटीत सारली, कडी खाली ओढली. गुरुजींनी बटणं दाबली. ड्राइव्ह घरघरला, आत टकटक झालं, परत टकटक, आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: डिस्क फॉल्ट.

दुसरी फ्लॉपी घातली. डिस्क फॉल्ट.

सकुबाईनं विचारलं, काय लिवलाय? सुरज बोलला, फॉल्ट, म्हणजे चूक हाय बोलतो. म्हातारी पडद्याकडं बघत राहिली. "माझी चूक," ती बोलली. "नाव घेऊन बोलला नाय तेवढी मेहेरबानी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई, त्या क्षणी मला दुकानाचं काय वाटलं नाय. किल्ली जाऊ दे, बोर्ड जाऊ दे, पण या म्हातारीला मरेपर्यंत वाटत राहणार की तिनं आपल्याच हातानं कुंकू लावून आपली बोली मारली. सुरज बोलला, मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी बोलले, तू गप बस, आणि परत झाकण काढलं.

चाक फिरत होतं. वरून ट्यूबचा उजेड पडत होता. आणि ठिपके चालत होते! मंगळवारी मी हातानं थांबवलेले ठिपके आता मुंग्यांसारखे निघाले होते. स्क्रूला कोणी हात लावला नव्हता. पट्टा जागेवर. मी डोकं खाजवलं आणि वर बघितलं. पंखा फिरत होता, सावकाश, नेहमीसारखा. बाबांची टोपी डोक्यावर, आणि दोन्ही हात मांडीवर.

अगं बाई!

"बाबा," मी बोलले, "मंगळवारी मी हे कमळूच्या लाइटवर लावलं."

बाबांना जे हसू फुटलं ते आवरेना. कमळूचा जनरेटर घाईत, म्हणून ट्यूबची उघडमीट घाईत, म्हणून ठिपके थांबवण्यासाठी मी चाकही घाईत लावलेलं. गुरुजींचे आठ वर्षांचे शब्द सावकाश लिहिलेले, आणि माझा ड्राइव्ह ते कमळूच्या घाईनं वाचायला बघत होता. आज वीज बोर्डाची लाईट होती. मी स्क्रू केसभर मागं घेतला. ठिपके मंदावले, आणखी मंदावले, थांबले.

फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला. एकदाच टक झालं, आणि पडदा खालपासून वरपर्यंत भरला.

गुरुजींना वाचताच येईना, चष्म्यावर पाणी. मग घसा खाकरून मोठ्यानं वाचायला लागले. नेमकं खेकड्यांचं पान निघालं होतं. चिंबोरी, मुठा...

"मुठ्या," सकुबाई बोलली. "मुठा नाय. आठ वरसं चुकीचं लिवून ठेवलास?"

मायलेकाचं तिथंच जुंपलं. ती म्हातारी भांडताना इतकी सुखी दिसत होती की मी मधे पडलेच नाय. सुरजसुद्धा वाकून बघत होता. हळूच मला बोलला, ताई, ते ठिपक्यांचं मला दाखवशील? कोर्सात नव्हतं. एवढं बोलला म्हणून त्याचे बूट मी माफ केले.

पण काम अर्धंच झालं होतं. मी गुरुजींना बोलले, ड्राइव्ह वाचतो म्हणजे लिहितो असं नाय. एक नवीन शब्द घाला, बंद करा, परत चालू करून बघा राहातो का. गुरुजी आईकडं वळले. आई, एक शब्द दे, अजून न दिलेला.

सकुबाईनं बराच विचार केला. मग माझ्याकडं बोट केलं.

"लिव. मिस्त्रीण."

गुरुजी बोलले, आई, हा आपल्या बोलीतला नाय, आणि त्याचा अर्थ मिस्त्र्याची बायको.

"मी बोलते ती माझी बोली," सकुबाई बोलली. "लिव. जी स्वता मिस्त्री हाय ती. तिचा नवरा कोण ते इचारू नये."

गुरुजींनी शेवटच्या वाक्यासकट लिहिलं. मशीन बंद केलं, चालू केलं, फ्लॉपी घातली. शेवटची ओळ जशीच्या तशी आली. तीन हजार आठशे तेरा. मी पाठमोरी होऊन उगाच स्क्रू गोळा करत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि सुरजला ते दाखवायचे नव्हते.

वळून बघते तर म्हातारीनं कनवटीची कुंकवाची डबी काढलेली, बोट बुडवलेलं, आणि बोट निघालंय ड्राइव्हच्या दिशेनं. मी झेप टाकली. दोन्ही तळहात त्या फटीवर दाबून धरले. बोलले, आजी, त्याला नको, तुमच्या पाया पडते, लावायचंच तर मला लावा. सकुबाईनं माझ्या कपाळाकडं बघितलं, मग फटीवरच्या हातांकडं. आणि कपाळ सोडून दोन्ही हातांवर एकेक टिळा लावलान. हत्यारालाच लावायचं असतं ना, बोलली.

धनत्रयोदशीला बोर्ड रंगवायला दामू पेंटर आला. यमाजी मिस्त्री पुसून झालं आणि त्यानं विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, आरती मिस्त्रीण, आणि खाली बारीक अक्षरात, रेडिओ, टेप, मिक्सर, फ्लॉपी. त्यानं ब्रश खाली ठेवला. बोलला, ताई, मिस्त्रीण म्हणजे मिस्त्र्याची बायको, लोक हसतील. तुमी बोलता तसा शब्दच नाय.

बाबा स्टुलावरून उठले. चाचपडत दारापर्यंत आले आणि बोर्डावर हात ठेवला, ओल्या रंगातच.

"हाय शब्द," ते बोलले. "तीन हजार आठशे तेरावा. लिव."